तिसरं पाणी

मे महिन्यात वैनगंगेच्या रेतीत अनवाणी जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जावं. त्यानंतर रेती माणसाला उभं राहू देत नाही, नाचवते. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी काल साडेदहाला चपला काठावर काढून मी ऐटीत निघाले, आणि अर्ध्यातून "अवो माय, अवो माय" करत माघारी पळाले. रेतीतल्या टरबुजाच्या वेलांना पाणी घालणाऱ्या दोघी बाया हसून हसून खाली बसल्या. "इंग्लंडवालीचे पाय नाजूक झाले पाह्य," एक म्हणाली. दुसरीने मला बसायला पोतं टाकलं आणि लगेच तो प्रश्न विचारला, जो गावात आल्यापासून मला प्रत्येकजण विचारतो आहे.

"समुद्र पाह्यला म्हनते तू. कसा असते व?"

"मोठा असतो."

"आपल्या नदीवानी?"

"नाई बाई, त्याच्याहून मोठा."

"पुराच्या टायमाची नदी?"

मी पोत्यावर बसून तळवे चोळले. तीन वर्षं झाली, मला अजून समुद्र सांगता येत नाही. मी तो पाहिला तोच मुळी परीक्षेनंतरच्या एका शनिवार-रविवारी, दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी बाबांशी एकच शब्द खोटं बोलले. समुद्र सांगायला गेलं की तो शब्द आधी तोंडात येतो आणि मग बाकी काही सुचत नाही.

माझा विषय भूजल, म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी. गावात मी नुसतं "पाण्याचं शिकते" असं सांगायची. त्यावर मायचं ठरलेलं, "ते तं आपण जलमापासून करून राह्यलो. त्याच्यासाठी इतक्या लांब काहाले?" शिष्यवृत्ती मिळाली, वर्षाचा अभ्यासक्रम होता, आणि दसऱ्याच्या आत मी घरी येणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी पत्र आलं. तिथल्याच एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी होती. येता की नाही ते सोमवारी सकाळपर्यंत कळवा, एवढंच लिहिलेलं. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? सकाळी अंघोळ करताना मला घरी जायचं असे, दुपारी ग्रंथालयात बसले की तिथंच राहायचं असे, आणि संध्याकाळी दोन्हींचा राग येई.

शमिका माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मालवणची. पेपर सुटल्या सुटल्या तिने फर्मान काढलं, "बॅग भर. समुद्रावर जाऊया. तुझं तोंड बघवत नाही मला." मी समुद्र कधी पाहिलाच नाही हे ऐकून ती कपाळावर हात मारत होती. "मासे मारणाऱ्यांची पोर ना गो तू?"

"आम्ही ढिवर. नदीवाले. समुद्र तुमच्याकडे असतो. आमच्या वडशाहून तिथं जायला अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो."

"आणि इकडे येताना विमान काय जमिनीवरून चालत आलं?"

"झोपले होते मी."

ते इंग्लंडच्या पश्चिमेकडचं एक लहानसं गाव होतं. स्टेशनातून बाहेर पडलो, उतारावरून खाली आलो, आणि समुद्र नव्हता. खरंच नव्हता. काठ होता, काठावर बाकं होती, बाकांवर म्हातारी जोडपी स्वेटर घालून आइसक्रीम खात बसली होती. पुढे मैलभर ओली रेती, आणि पार पल्याड एक करडी रेघ. "ओहोटी आहे," शमिका अगदी बेफिकिरीने म्हणाली. मला हसू फुटलं. म्हटलं, हे तर आपलंच! ही तर मार्चातली वैनगंगा. एवढ्या लांब येऊन मी पाहते काय, तर पाणी नसलेली रेती.

मग मी जे केलं ते आमच्याकडच्या कोणीही केलं असतं. बूट-मोजे काढले, रेतीत नीट जोडीने मांडले आणि रेघेच्या दिशेने चालू लागले. शमिका मागून ओरडली, "बूट वर ठेव गो, पाणी येईल!" मी ऐकलं नाही. आमच्याकडे पाणी मागे गेलं की गेलं. दिवाळीनंतर ते हळूहळू सरकतं, एकेक पट्टा उघडा टाकतं, आणि मृगापर्यंत परत फिरत नाही. त्या भरवशावर माणसं नदीच्या पोटात झोपड्या टाकतात, चुली मांडतात, टरबूज-डांगराचे वेल लावतात, चार महिने संसार करतात. (डांगर म्हणजे खरबूज. पुण्याकडे भोपळा समजतात, समजोत बापडे.) पाणी गेलं आणि दुपारच्या चहाला परत आलं, ही काय पद्धत झाली?

आमची वेलांची वाडी दरवर्षी त्या रेतीतच असते. संक्रांतीच्या आसपास बाबा जागा पाहायला निघत. मागे माय, मायच्या मागे मी. बाबांच्या खांद्यावर एक बांबूचा खांब, मायच्या टोपलीत भाकरी, माझ्या हातात करवंटी. रेतीत बाबा गुडघे टेकत आणि दोन्ही हातांनी झिरा खणत. कोपरभर खोल गेलं की रेती आधी गडद होते, मग गार होते, आणि मग तळाशी पाणी डोळे उघडतं. ते गढूळ असतं. बाबा ते उपसून फेकत. "पहिलं पाणी रेतीचं," ते म्हणत. थांबायचं. पुन्हा भरलं की दुसरंही फेकायचं. "दुसरं आपल्या हाताचं." मग तिसरं पाणी येतं, नितळ, तळातली बारीक रेती उकळी आल्यासारखी हलवत. ते प्यायचं. प्यायचा मान घरातल्या पोरीचा. बाबा खांब हातात धरून उभे राहत आणि विचारत, "काय म्हनते पाणी?"

मी "गोड हाय" म्हटलं की तिथल्या तिथे खांब रोवायचा. त्या सालाची झोपडी तिथे, वाडी तिथे, आमचं राहणं तिथे. "कडू हाय" म्हटलं की माय टोपली उचलायची आणि पुढे चालायचं. पोरीच्या शब्दावर कोणी पुन्हा चव घेऊन पाहायची नाही, ही आमच्या घरची रीत. का, ते मला माहीत नाही. बहुधा बाबांनाही माहीत नसावं.

मी आठ वर्षांची असताना एका साली जागा पाहता पाहता आम्ही रेल्वेच्या पुलापर्यंत गेलो. तिथून गाडी स्पष्ट दिसत होती. वडशाकडून यायची, पुलावर धडाडधूम करायची आणि खिडक्यांतली माणसं घेऊन ब्रह्मपुरीकडे निघून जायची. तिथे झिरा खणला. तिसरं पाणी मी प्यायले. कडसर होतं, लोखंड चाटल्यासारखं. बाबांनी विचारलं, "काय म्हनते पाणी?" तेवढ्यात गाडी आली. मी म्हटलं, "गोड हाय."

खांब रोवला गेला. चार महिने सगळ्यांनी ते कडसर पाणी प्यायलं. मायने दोन-चारदा माझ्याकडे पाहिलं आणि वरणात चिंच जास्त टाकली. बाबांनी तर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी रोज पाच वाजता मायची टोपली पालथी घालून तिच्यावर बसायची आणि गाडी मोजायची. म्हणजे डबे. अजून आठवतं, बोटं पुरत नसत म्हणून मी पायाची घ्यायची.

तर त्या शनिवारी, मैलभर लांबलेल्या परदेशी रेतीत, बाबांचा व्हिडिओ फोन आला; समुद्रावर जाते हे मी सकाळीच घरी कळवलं होतं. माझ्या घड्याळात दुपारचे दोन, त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. पडद्यावर आधी मायचा अंगठा, मग डांगराचा ढीग, मग बाबा. वाडी उठायला आली होती. त्यांच्यामागे झोपडीचं छप्पर काढलेलं, नुसते खांब उभे.

"पेपर झाले?"

"झाले, बाबा."

"मंग दाखव न तुया समुद्र."

मी फोन फिरवला. बाबांनी डोळे फोनजवळ आणले. "पाणी कुठी हाय?"

"गेलं. येते म्हनते चार वाजता."

"एस्टीवानी?" बाबा म्हणाले, आणि मागे माय खदखदून हसली. मीही हसले. इतक्या दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसताना मागून आलेल्या शमिकाने पाहिलं.

"रेती मस्त दिसते," बाबा म्हणाले. "बारीक हाय. झिरा खण न."

"बाबा, हा समुद्र आहे."

"माहीत हाय. खण तं."

फोन शमिकाच्या बॅगेला टेकवून ठेवला आणि मी गुडघे टेकले. मला लाज वाटायला हवी होती. कुत्री फिरवणारे लोक थांबून पाहत होते, पोरं प्लास्टिकची फावडी घेऊन किल्ले करत होती आणि एक पंचवीस वर्षांची घोडी दोन्ही हातांनी रेती उपसत होती. पण खरं सांगते, हातांना काय आनंद झाला! वर्षभर त्यांनी नुसतं टाइप केलं होतं. रेती गडद झाली, गार झाली, आणि कोपरभर खोलीवर पाणी आलं. अगदी घरच्यासारखं आलं. शमिकाच्या कॉफीचा कागदी कप घेतला. पहिलं पाणी फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं नितळ आलं, तळाशी रेती हलत होती. मी घोट घेतला.

खारट! नुसतं खारट नाही, जिभेपासून कानापर्यंत झणझणलं. आणि तेवढ्यात बाबांनी विचारलं, तसंच, एका हाताने खांब धरून,

"काय म्हनते पाणी?"

मी म्हटलं, "गोड हाय, बाबा."

बाबांनी खांबाला दुसराही हात लावला. मग बाबा म्हणाले, "मंग रोव खांब." आणि लगेच मायने फोन ओढला, "जेवली का व? काय खाल्लं?"

फोन बंद झाल्यावर शमिका माझ्याकडे बघतच राहिली. "काय गो खोटं बोललीस तू! थू कर आधी." मी थुंकले. मग ती म्हणाली, "तुला गोडच हवं होतं तर थोडं वर खणायचंस. आमच्या घरची विहीर समुद्रापासून पन्नास पावलांवर आहे. चहा करतो आम्ही तिच्यावर." मी तिच्याकडे पाहिलं आणि मला रडूच कोसळलं. कारण हेच मी दोन दिवसांपूर्वीच्या पेपरात चार पानं लिहिलं होतं, समुद्रकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर कसं तरंगतं, ते आकृतीसकट. डोक्याला सगळं येत होतं. हातांनी मात्र बाबांचं ऐकलं.

थोड्या वेळाने एक बाई आपलं कुत्रं सावरत आली आणि फार नम्रपणे म्हणाली, जाताना तेवढा खड्डा बुजवा हं, लहान मुलं पडतात. बरोबरच होतं तिचं. पण आमच्याकडे झिरा बुजवत नाहीत. जाताना त्याच्याभोवती काटे लावायचे, म्हणजे ढोरं तोंड घालत नाहीत, आणि काठीला करवंटी अडकवायची. आपण उठून गेलो तरी पाणी राहतं, मागून येणाऱ्याला लागतं. हे त्या बाईला कसं सांगणार? आणि सांगून करणार काय, या पाण्याला कोण येणार होतं? मी रेती लोटली. शमिका दुसऱ्या बाजूने लोटू लागली.

चारला पाणी आलं. वेळेवर. माझे बूट घेऊन गेलं. रविवारभर मी दुकानातल्या गुलाबी रबरी सपाता घालून काठावरच्या भिंतीवर बसले आणि एकच प्रश्न चघळला, मी असं का म्हटलं? बाबांना वाईट वाटू नये म्हणून? की "पोरगी खारट पाण्याच्या देशात पडली" असं मायने गावभर करू नये म्हणून? की कॅमेऱ्यासमोर जीभ आपोआप वळली? की मला तिथं राहायचंच होतं आणि ते सांगायला मी पाण्याला पुढे केलं? एक कारण पक्कं करावं तर दुसरं खांद्यावर हात ठेवायचं. समोर समुद्र येत होता, जात होता. त्याचंही काही ठरत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी होकार कळवला. मग बाबांना फोन लावला. "बाबा, नोकरी लागली. इथंच. दसऱ्याले येनं नाई होत."

"हौ," बाबा म्हणाले. "परवाच सांगतलं न तू."

त्या "हौ"वर मी तीन वर्षं काढली. बाबांनीच रोव म्हटलं म्हणून रोवला खांब, असं स्वतःला सांगत राहिले. मायचा आवाज फोनवर बारीक झाला की मनात म्हणायची, मी थोडीच राहिले, बाबांनी राहा म्हटलं. काम चांगलं आहे. लोक भले आहेत. रोज शेकडो बाटल्यांतलं पाणी तपासते, कुठे काय किती विरघळलंय ते सांगते, आणि एकाही पाण्याची चव घेत नाही. ती घ्यायची नसते.

यंदा सुट्टी मे महिन्यात मिळाली. येताना वाटलं होतं, नदी तरी जिथल्या तिथे असेल. ती आहे, पण तिचंही आता काही खरं नाही. वरच्या धरणातून कधी पाणी सुटतं, कधी बंद होतं. भर उन्हाळ्यात एका सकाळी रेतीचा पट्टा अचानक ओला होतो. "तुया समुद्रावानीच झाली ही," बाबा म्हणतात. त्यांची वाडी लहान झाली आहे. गुडघे टेकताना ते आधी एक हात रेतीवर ठेवतात, मग दुसरा.

काल पाय भाजून घेतले ते सकाळी. संध्याकाळी रेती निवल्यावर मी पुन्हा गेले. बाबा एकटेच नवा झिरा खणत होते, जुना खोल गेला म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पहिलं पाणी उपसलं, पलीकडे फेकलं. मी समोर बसले आणि तीन वर्षं गिळलेलं शेवटी बाहेर आलं.

"बाबा, समुद्राचं पाणी खारट असते, हे तुमाले माहीत होतं न जी?"

"सातवी शिकलो म्या," बाबा वर न पाहता म्हणाले. "मीठ का वडशाच्या गिरणीत तयार होते?"

"मंग काऊन खणाले लावलं?"

"तू काय सांगते, ते आयकाचं होतं."

"अन् मी खोटं सांगतलं."

"हौ. पुलापाशी सांगतलं होतं, तसंच." दुसरं पाणी भरत आलं होतं, ते त्यांनी दोन्ही ओंजळींनी काढून टाकलं. "त्या साली बी समजलं होतं मले. पोरीले गाडी पाहाची हाय. म्हटलं, पाहू दे, पाणी काय, कसंबी पिऊ. समुद्रावर बी तसंच समजलं. खारट पाण्याले गोड म्हनते, म्हणजे हिले तिथीच राहाचं हाय. मंग जबरदस्तीनं काहाले बलवाचं?"

म्हणजे मला वाटलं, बाबांनी राहा म्हटलं. बाबांना वाटलं, पोरीला राहायचं आहे. दोघं एकमेकांच्या मनाला जपत बसलो, आणि ते मन नेमकं कोणाचं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं. "पन बाबा, मी तं तुमाले काळजी नको म्हनून..." असं मी सुरू केलं आणि तिथंच थांबले. कारण ते खरं होतं का? आठ वर्षांची असताना मला गाडी पाहायचीच होती, याबद्दल शंका नाही. समुद्रावर मला काय पाहायचं होतं? अजूनही नाही सांगता येत. बाबांना माझं मन माझ्याआधी दिसलं असेल, किंवा त्यांनी साफ चुकीचं वाचलं असेल. कोणाला विचारू?

तिसरं पाणी आलं. बाबांनी करवंटी माझ्या हातात दिली आणि ते बाभळीचे काटे ओढायला वळले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दूर पुलावरून मालगाडी चालली होती, खिडक्या नसलेली. मी पाणी प्यायले.

गार होतं. रेतीचा, मुळांचा, उन्हात तापून निवलेल्या दगडाचा वास होता त्याला. आणि ते गोड होतं, अगदी खरं खरं गोड. आता फक्त तसं म्हणायचं होतं. पण आमच्या घरात तो शब्द नुसता चवीचा नाही. त्यामागून खांब येतो, आणि माझं परतीचं तिकीट येत्या शुक्रवारचं आहे. मी घोट तोंडात तसाच धरून बसले. गोड म्हणावं तर काय होईल? न म्हणावं तर आयुष्यातलं तिसरं खोटं, तेही गप्प राहून. बाबा काटे रोवत होते. एक, दोन, तीन. मी घोट गिळला.

"बाबा, गोड हाय."

त्यांनी मागे पाहिलं नाही. शेवटचा काटा रेतीत दाबला, हात धोतराला पुसले.

"असन," ते म्हणाले. "पन या टायमाले म्या इचारलं नव्हतं, पोरी."